एक अंश गरम म्हणजे वीस मीटर खाली

"तापमान म्हणजे अणूंची हालचाल. हालचाल म्हणजेच काळ. तेव्हा तापमान उतरवत नेलं की काळ मंदावणार, आणि निरपेक्ष शून्याला, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला, तो थांबणार."

हा तर्क विज्ञानाची आवड असलेल्या माणसांकडूनच जास्त ऐकू येतो. ज्यांना आवड नाही ते या वाटेला जातच नाहीत. तर्काच्या तिन्ही पायऱ्या ऐकायला बरोबर वाटतात आणि पहिली तर जवळपास बरोबर आहेही. त्यामुळे "तसं नसतं हो" एवढ्यावर भागत नाही. मग मी १९६० सालचं एक प्रकरण सांगतो. त्यात काळ, तापमान आणि सापेक्षता ही तिन्ही एकाच मनोऱ्यात येऊन अडकली होती. तापमानामुळे घड्याळाच्या चालीत खरोखरच फरक पडला, तो मोजला गेला, आणि त्याची दिशा वरच्या तर्काच्या बरोबर उलट निघाली. मजा म्हणजे हे शोधायला कोणी निघालंच नव्हतं. चूक शोधता शोधता ते हाती लागलं.

मनोरा आणि त्यातलं घड्याळ

हार्वर्ड विद्यापीठाच्या जेफरसन भौतिकी प्रयोगशाळेत एक मनोरा आहे. रॉबर्ट पाउंड आणि त्यांचा विद्यार्थी ग्लेन रेब्का यांना त्यात वरपासून खालपर्यंत २२.५ मीटर अंतर मिळत होतं. आइन्स्टाइनने १९०७ सालीच म्हटलं होतं की गुरुत्वाकर्षणात खाली असलेलं घड्याळ वरच्या घड्याळाच्या मानाने हळू चालतं. पाउंड आणि रेब्का यांना हे प्रयोगशाळेच्या चार भिंतींत तपासायचं होतं.

फरक किती लहान? आकडे सारखे लिहावे लागणार आहेत, म्हणून एक सोय करून घेतो. दशांशचिन्हानंतर १४ शून्यं आणि मग १, या प्रमाणाला या लेखापुरतं एक 'लव' म्हणू. जुन्या कालमापनात लव हा शब्द होताच, आपण त्याला नवं काम देऊ. तर २२.५ मीटर उंचीचा परिणाम होतो सुमारे २.५ लव. एवढ्या फरकाने चालणारी दोन घड्याळं एकमेकांपासून एक सेकंद दूर जायला १ कोटी ३० लाख वर्षं लागतील.

त्या काळच्या सिझियम घड्याळांना हे झेपणारं नव्हतं. मग घड्याळ म्हणून घेतलं लोखंडाचं अणुकेंद्रक. लोखंड-५७ या समस्थानिकाचं उत्तेजित केंद्रक शांत होताना १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण सोडतं. त्या किरणाची वारंवारिता म्हणजे सेकंदाला साधारण ३५ हजार कोटी कोटी ठोके. असलेच दुसरे लोखंडी केंद्रक समोर असेल आणि त्याचा ठोका पहिल्याशी जुळत असेल, तर ते हा किरण गिळतं. ठोका किंचित जरी चुकला तरी गिळण्याचं प्रमाण घटतं आणि पलीकडे ठेवलेल्या गणकात जास्त किरण पोचतात. एवढंच तत्त्व.

यात एक अडचण होती, ती रुडॉल्फ मॉसबाउअर यांच्या १९५८ सालच्या शोधाने दूर झालेली होती. मोकळं केंद्रक किरण सोडताना बंदुकीसारखा मागे धक्का खातं आणि थोडी ऊर्जा त्यात जाते. तेच केंद्रक स्फटिकात घट्ट बसलेलं असेल तर काही वेळा तो धक्का अख्खा स्फटिक पेलतो, आणि किरण जवळपास पूर्ण ऊर्जेनिशी बाहेर पडतो. मॉसबाउअर यांना हे इरिडियममध्ये दिसलं होतं आणि त्यासाठी १९६१ साली नोबेल मिळालं. लोखंड-५७ त्याहून सरस ठरलं.

उगम म्हणून किरणोत्सारी कोबाल्ट-५७ होता. तो क्षय पावून उत्तेजित लोखंड बनतो. मनोऱ्यात प्लॅस्टिकच्या लांब पिशवीत हेलियम भरला होता, कारण हवेने वाटेतच बरेच किरण खाल्ले असते. उगम अगदी सावकाश हलवून ठोका मुद्दाम किंचित चुकवता येत होता. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम भरून काढायला लागणारा वेग किती, तर तासाला पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. नखं वाढतात त्याहून बराच जास्त, पण डोळ्यांना दिसणार नाही इतका.

ठोका जुळून किरण गिळला जातो त्या पट्ट्याची, म्हणजे अनुस्पंदनाच्या रेषेची, प्रत्यक्षातली रुंदी होती अकराशे लवांच्या आसपास. म्हणजे अकराशेच्या टेकाडावर अडीचचा सरकाव शोधायचा होता. हे करता येतं, फक्त मोजणी पुष्कळ करावी लागते आणि अडीच लव दुसऱ्या कुठल्या कारणाने सरकणार नाही याची काळजी घ्यावी लागते. प्रकरण सुरू होतं ते इथे.

दुसरं कारण

ते दुसरं कारण होतं तापमान. पाउंड आणि रेब्का यांनी उगम आणि शोषक (किरण गिळणारं समोरचं लोखंड) यांच्यात तापमानाचा फरक मुद्दाम पाडून मोजमाप केलं आणि १५ मार्च १९६० च्या 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये ते छापलं. खोलीच्या तापमानाजवळ लोखंड एक अंशाने गरम झालं की त्याच्या केंद्रकाचा ठोका सुमारे २.२ लवांनी मंदावतो. आता हा आकडा मनोऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवा. २२.५ मीटर खाली उतरल्याने २.५ लव आणि एक अंश गरम झाल्याने २.२ लव. लोखंडाच्या केंद्रकाला एक अंशाने तापवणं आणि वीस मीटर खाली नेणं, घड्याळाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

पण मंदावतो का? तापलं की ठोका चुकतो म्हटल्यावर पहिला संशय येतो तो धातूच्या प्रसरणावर. तो इथे फारसा लागू नाही, ते पुढे येईल. खरं कारण असं आहे.

स्फटिकातला अणू आपल्या जागेवर थरथरत असतो. खोलीच्या तापमानाला लोखंडाच्या अणूचा सरासरी वेग सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या घरात असतो, हवेतल्या आवाजाहून थोडा जास्तच. कधी तो आपल्या दिशेने येतो, कधी उलट जातो. आपल्याकडे येताना सोडलेला किरण उंच वारंवारितेचा, दूर जाताना सोडलेला खालच्या. हा नेहमीचा डॉप्लर परिणाम. त्याने रेषा पार पसरून जायला हवी होती. पण उत्तेजित केंद्रक शांत व्हायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग घेतं आणि तेवढ्या वेळात अणूचे दहा लाखांच्या आसपास हेलकावे होऊन जातात. पुढचा वेग आणि मागचा वेग एकमेकांना खाऊन टाकतात. शिल्लक शून्य.

वेगाच्या वर्गाचं मात्र तसं होत नाही. पुढे जा की मागे, वर्ग धनच येतो. आणि विशिष्ट सापेक्षतेत हलत्या घड्याळाचं मंदावणं वेगाच्या वर्गावरच अवलंबून असतं: वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागा, वर्ग करा, निम्मं करा. पावणेचारशे मीटर म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा साधारण आठ लाखावा भाग. त्याचा वर्ग करून निम्मं केलं की साडेसातशे ते आठशे लव येतात. खोलीतल्या कुठल्याही लोखंडी तुकड्यातलं प्रत्येक केंद्रक, ते जागच्या जागी स्थिर असतं तर जितक्या जलद चाललं असतं त्याहून एवढं हळू चालतं. तापवलं की वेगाचा वर्ग वाढतो आणि घड्याळ आणखी हळू होतं. थंड केलं की जलद होतं.

सुरुवातीच्या तर्काची इथे पंचाईत होते. त्याच्या मते गोठवल्याने काळ मंदावायला हवा होता. प्रत्यक्षात गोठवलेलं लोखंड पुढे पळतं.

आणखी एक समजूत जाता जाता पडते. सापेक्षता फक्त प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानांना लागू होते असं पुष्कळांना वाटतं. सूत्र सगळ्या वेगांना तेच आहे. मोजपट्टी पुरेशी बारीक असली की टेबलावरच्या लोखंडाच्या पत्र्यातही सापेक्षता दिसते, आणि ती नजरेआड केली तर हातचा प्रयोग बिघडतो.

काळ मंदावला की घड्याळ बिघडलं?

एखादा चिकित्सक वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावंच. लंबकाचं घड्याळही उन्हाळ्यात मागे पडतं. पोलादी दांडा एका अंशाने तापला की तो किंचित लांबतो आणि घड्याळ दिवसाला जवळपास अर्धा सेकंद मागे राहतं. तिथे आपण काळ मंदावला म्हणत नाही, घड्याळ मागे पडलं म्हणतो. मग लोखंडाच्या केंद्रकाला वेगळा न्याय कशासाठी?

या प्रश्नात सगळं प्रकरण आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

लंबकाचा दोष त्याच्या घडणीचा आहे. धातू बदला, दोष बदलतो. जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात पितळेच्या आणि पोलादाच्या दांड्या अशा आळीपाळीने बसवल्या की एकीचं लांबणं दुसरी फेडून टाकेल. शार्ल गिल्योम यांनी लोखंड आणि निकेल यांचा इन्व्हार हा मिश्रधातू शोधला. तो तापमानाने जवळजवळ लांबतच नाही, आणि त्यांना १९२० साली नोबेल मिळालं. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळाची तऱ्हा तिसरीच. त्यातला स्फटिकाचा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याची घडण अशी असते की तो साधारण २५ अंशांना सर्वांत जलद चालतो. त्याहून गरम झालं तरी मागे, गार झालं तरी मागे. दूध नासणं, लोखंड गंजणं थंडीत मंदावतं. कोबाल्ट-५७ चं सुमारे २७२ दिवसांचं अर्धायुष्य मात्र फडताळात ठेवा की शीतकपाटात, तेवढंच राहतं.

म्हणजे एकाच थंडीत लंबक पुढे गेला, क्वार्ट्‌झ मागे पडलं, दूध टिकलं, कोबाल्टने दखलही घेतली नाही. काळच मंदावला असता तर या सगळ्यांनी एकाच प्रमाणात मंदावायला हवं होतं. ज्याचा त्याचा हिशेब वेगळा निघतो, म्हणजे फरक ज्याच्या त्याच्या यंत्रणेत आहे. तर्कातली दुसरी पायरी, 'हालचाल म्हणजेच काळ', इथे मोडते. हालचाल काळ मोजायला वापरतात. मोजपट्टी तापून लांबली म्हणून कापड आखूड होत नाही.

आता केंद्रकाकडे या. खोलीच्या तापमानाची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि केंद्रकाच्या ज्या दोन पातळ्यांतून आपला ठोका येतो त्यांच्यातलं अंतर १४,४०० इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साडेपाच लाखांहून जास्त पट. खोलीतल्या उष्णतेला ती पातळी हलवता येत नाही. अगदी काटेकोर बोलायचं तर एक फट राहते. लोखंड प्रसरण पावलं की केंद्रकापाशी असलेली इलेक्ट्रॉनांची दाटी किंचित बदलते आणि ठोका थोडा सरकतो. तेवढा भाग लंबकाच्या जातीचा, घडणीचा दोषच आहे. पण तो लहान आहे. उरलेला मोठा भाग धातूची जात विचारत नाही. तापमान पुरेसं असेल तर तो फक्त अणूच्या वस्तुमानावर ठरतो: त्याच तापमानाला जड अणू हळू थरथरतो, म्हणून त्याचं घड्याळ कमी मंदावतं. कथिल-११९ मध्ये प्रति अंश परिणाम लोखंडाच्या साधारण निम्मा येतो, कारण वस्तुमान साधारण दुप्पट आहे. हॅरिसन यांच्या दांड्यांसारखी कुठलीही करामत करून हा भाग काढता येत नाही. त्या थरथरत्या केंद्रकावर स्वार होऊन दुसरं कुठलंही घड्याळ गेलं असतं तरी त्याने तेवढेच लव गमावले असते.

एक वीस वर्षांचा विद्यार्थी

याच सुमारास केंब्रिजमध्ये ब्रायन जोसेफसन नावाचा पदवीचा विद्यार्थी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोचला होता. वय २०. पुढे अतिवाहकांमधल्या ज्या परिणामाला त्याचं नाव मिळालं आणि ज्यासाठी १९७३ चं नोबेल मिळालं, ते अजून दूर होतं. त्याची छोटी टिपण १ एप्रिल १९६० च्या अंकात आली.

त्याची वाट वेगळी होती. त्याने घड्याळ मंदावण्याचं नाव न घेता हिशेब वस्तुमानापासून सुरू केला. केंद्रकाने किरण सोडला म्हणजे ऊर्जा गेली, ऊर्जा गेली म्हणजे वस्तुमान घटलं. थरथरणाऱ्या अणूचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) त्या क्षणी तोच राहिला आणि वस्तुमान मात्र कमी झालं, तर त्याची गतिज ऊर्जा वाढली. ही वाढ कुठून आली? किरणाच्या वाट्यातून. म्हणून किरण तेवढ्या कमी ऊर्जेचा. अणू जितका जास्त थरथरत असेल तितका हा तोटा मोठा. आकडेमोड केली की तेच २.२ लव. वस्तुमान आणि ऊर्जेचं ते प्रसिद्ध समीकरण म्हटलं की लोकांना अणुबॉम्ब आठवतो. इथे ते लोखंडाच्या एका अणूच्या थरथरण्याचा जमाखर्च मांडत होतं. दोन वाटा एकाच आकड्याला येऊन मिळतात, तेव्हा मला तरी त्या आकड्याबद्दल जास्त भरवसा वाटतो.

हारवेलचं बरोबर उत्तर

इंग्लंडमधल्या हारवेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात क्रॅनशॉ, शिफर आणि व्हाइटहेड यांनी हाच गुरुत्वाकर्षणाचा प्रयोग पाउंड आणि रेब्का यांच्या आधी छापून आणला होता, फेब्रुवारी १९६० मध्ये. उंची १२.५ मीटर. अपेक्षित परिणामाला १ मानलं तर त्यांचं मोजमाप आलं ०.९६, चुकीची मर्यादा ०.४५. उत्तर छान जुळलेलं.

आता हिशेब करा. १२.५ मीटरचा परिणाम सुमारे १.४ लव. तेवढाच सरकाव व्हायला उगम आणि शोषक यांच्या तापमानात ०.६ अंशाचा फरक पुरे. उंच जागेत वर आणि खाली एवढा फरक सहज राहतो. पाउंड आणि रेब्का यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं की या प्रयोगावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही. कडक शब्द आहेत, पण माझ्या मते रास्त. हारवेलचं उत्तर चूक होतं असं त्यांनी म्हटलं नाही. ते बरोबर असण्याला आधार नव्हता, एवढंच. सिद्धान्ताशी जुळलेल्या उत्तराची कोणी फारशी उलटतपासणी करत नाही.

पाउंड आणि रेब्का यांच्यापुढे दोन लफडी होती आणि ती सोडवण्याची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. पहिलं लफडं असं की उगम आणि शोषक मुळातच तंतोतंत जुळत नव्हते. त्यांच्या ठोक्यात एक अंगभूत फरक होता आणि तो गुरुत्वाकर्षणाच्या परिणामाच्या कितीतरी पट मोठा होता. उपाय: उगम खाली ठेवून मोजा, मग वर ठेवून मोजा. अंगभूत फरक उगमाबरोबर प्रवास करतो, त्यामुळे दोन्ही वेळा तसाच राहतो. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मात्र उलटतो. दोन मोजमापांची वजाबाकी केली की पहिला गळून पडतो.

ही युक्ती तापमानाला लागू पडत नाही. मला हे लक्षात यायला वेळ लागला होता, म्हणून सांगतो. मनोऱ्याचं वरचं टोक खालच्यापेक्षा गरम असेल तर ती उष्णता त्या जागेला चिकटलेली असते, उगमाला नाही. उगम वर नेला की तो गरम, शोषक गार. खाली आणला की उलट. म्हणजे तापमानाचा परिणामही गुरुत्वाकर्षणासारखाच उलटतो आणि वजाबाकीतून सहीसलामत बाहेर येतो. वरचं टोक सतत १.१ अंशाने गरम असतं, तर वरच्या घड्याळाने उंचीमुळे कमावलेलं सगळं उष्णतेमुळे गमावलं असतं. उत्तर शून्य आलं असतं आणि आइन्स्टाइनचं म्हणणं खोटं ठरल्याचा बोभाटा झाला असता. इथे एकच मार्ग होता: दोन्ही टोकांच्या तापमानातला फरक सतत नोंदवायचा आणि प्रत्येक मोजमापातून त्याचा वाटा काढून टाकायचा.

तसं करून १ एप्रिल १९६० ला त्यांचा निकाल आला, जोसेफसनच्या टिपणाच्याच अंकात. वर-खाली दोन्ही दिशा मिळून अपेक्षा ४.९२ लवांची होती. मोजमाप आलं ५.१३, चुकीची मर्यादा ०.५१. पुढे पाउंड आणि जोसेफ स्नायडर यांनी उगम आणि शोषक यांचं तापमान बांधून ठेवून प्रयोग सुधारला आणि १९६५ पर्यंत मेळ एक टक्क्याच्या आत आणला.

धक्के खाणारे जुळे

तापमानाच्या या परिणामाचा एक अनपेक्षित उपयोग चाल्मर्स शेर्विन यांनी १९६० मध्येच दाखवला. जुळ्यांचं कोडं सर्वांना माहीत असतं: एक भाऊ प्रवासाला जातो, परत येतो आणि घरी राहिलेल्यापेक्षा तरुण निघतो. त्यावर नेहमीचं उत्तर ऐकू येतं की प्रवासी भावाला वळताना त्वरण सोसावं लागतं आणि त्या त्वरणानेच त्याचं घड्याळ मंदावतं.

शेर्विन यांचं म्हणणं असं की स्फटिकातलं केंद्रक हा प्रवासी जुळाच आहे. तो निघतो, वळतो, परत येतो, आणि हे सेकंदाला लाखो कोटींच्या हिशेबात करतो. त्याला सोसावं लागणारं त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या हजार लाख कोटी पटींहून जास्त. त्वरणाचा स्वतःचा काही वेगळा परिणाम घड्याळावर होत असता, तर इतक्या भयंकर धक्क्यांत तो लपला नसता. पण मोजलेला सरकाव नुसत्या वेगाच्या वर्गाने पुरा समजतो. त्वरणासाठी काही शिल्लकच राहत नाही. प्रवासी वळला हे दोघांतला फरक ओळखायला हवं, घड्याळ किती मागे पडलं याचा हिशेब मात्र वेगाकडेच मागायचा.

निरपेक्ष शून्याला काय होतं

शेवटची पायरी उरली: शून्याला सगळं थांबतं. थांबत नाही. पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांमुळे स्फटिकातला अणू निरपेक्ष शून्यालाही पूर्ण स्थिर होऊ शकत नाही. लोखंडात ही उरलेली थरथर बऱ्यापैकी मोठी आहे. खोलीच्या तापमानाला आठशेच्या आसपास असलेला घाटा शून्यालाही चारशेच्या आसपास राहतो. म्हणजे सगळी उष्णता काढून घेतली तरी जवळपास निम्मं मंदावणं तिथेच. 'तापमानाने काळ बदलतो' हे वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. सूत्रात तापमान नाही, वेगाचा वर्ग आहे. तापमान हे अनेकांच्या गोंधळलेल्या हालचालीचं एकत्र माप, आणि शून्याजवळ ते माप हालचालीची पूर्ण खबर देत नाही.

याचीच दुसरी बाजू: सगळे अणू एका दिशेने, एका लयीत धावत असतील तर त्याने वस्तू गरम होत नाही. यान कितीही वेगाने जावो, आतला तापमापक आतलंच तापमान सांगणार. धावत्या वस्तूचं तापमान बाहेरून किती म्हणायचं यावर मात्र भौतिकशास्त्रज्ञांतच जुंपली होती. प्लांक आणि आइन्स्टाइन यांनी १९०७ च्या सुमारास ते कमी भरेल असं मांडलं, हाइनरिख ओट यांनी १९६३ मध्ये जास्त भरेल असं, आणि पीटर लँड्सबर्ग यांनी ते बदलत नाही असं. वाद व्याख्येचा आहे. त्यात पडायला नको.

लोखंडाचा तुकडा खोलीतून काढून निरपेक्ष शून्याजवळ नेला, तर त्याला चारशे लवांचा फायदा होतो. वर्षाला १२-१३ मायक्रोसेकंद. आयुष्य लांबवण्यासाठी स्वतःला गोठवून घेण्याचा विचार करणाऱ्याने हा हिशेब बघावा. तो लोखंडाचा असता तर ८० वर्षांत बाहेरच्यांपेक्षा एक मिलिसेकंद जास्त म्हातारा झाला असता. त्याची रसायनं थांबली असती ते वेगळं. ती दुधाच्या जातीची गोष्ट आहे.

आजच्या घड्याळांत हे प्रकरण रोजचं झालं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने २०१० साली ॲल्युमिनियमच्या एकेका आयनावर चालणाऱ्या दोन घड्याळांत फक्त ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक ओळखला. त्यासाठी आयन लेसरने थंडावून जवळपास गप्प बसवावे लागतात. त्यांची उरलीसुरली थरथर घड्याळ मागे खेचते, नेमकी पाउंड आणि रेब्का यांच्या लोखंडासारखी.

आणि सेकंद? १९६७ पासून सेकंद म्हणजे सिझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाचे ९,१९२,६३१,७७० कंप. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे समितीने स्पष्ट केलं की हा अणू ० केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्य तापमानाला स्थिर मानायचा. वरच्या तर्कानुसार जिथे काळ थांबतो, तिथलाच ठोका प्रमाण धरला आहे. कारण साधं आहे. सुमारे २७ अंश सेल्सिअसला आजूबाजूच्या भिंतींतून येणारं उष्णतेचं प्रारण सिझियमचा ठोका १७ लवांनी खाली ओढतं. यात सापेक्षता नाही. हा त्या प्रारणाच्या विद्युतक्षेत्राचा परिणाम, लंबकाच्या दांड्यासारखा घडणीतला. ० केल्विनला प्रत्यक्ष कोणतंच घड्याळ नेता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा भिंतींचं तापमान मोजतात आणि ते लव परत जमा करतात.